कृष्णाकाठच्या सोप्या पायवाटा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा वाईजवळ खाली उतरली की तिचा उतार एकदम मंदावतो. तिथून सांगलीपर्यंतच्या दीडशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात नदी दोनशे मीटरही खाली येत नाही. त्याच डोंगरात उगम पावणारी सावित्री पश्चिमेला वळते आणि पोलादपूर गाठेपर्यंत बहुतेक सगळी उंची संपवते. या फरकामुळेच सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला नदीकाठाने चालणे म्हणजे चढउतार आणि खडक, तर पूर्वेकडे तो बराचसा सपाटीचा फेरफटका. वाई, मेणवली, संगम माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी या टापूत असा फेरफटका शाळकरी मुलांना आणि सत्तरीतल्या माणसांनाही जमण्यासारखा आहे. तरीही या चालण्याबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. काहींपायी माणसे उगाच घरी बसतात, काहींपायी नको तिथे पाण्यात उतरतात.

चढ नसेल तर त्या चालण्याचा शरीराला उपयोग नाही, हा पहिला समज. गड चढण्याची सवय असलेले लोक तो हमखास बोलून दाखवतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते आणि झपझप चालणे त्यातच मोडते. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग त्यासाठी पुरतो. वाईहून मेणवली सुमारे तीन किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन दीड तास धरला आणि आठवड्यातून दोनदा तो फेरा केला, तरी शिफारशीची खालची मर्यादा ओलांडली जाते. रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, हा आकडाही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. त्याहून कमी चालण्याचाही फायदा होतो, विशेषतः आजवर अजिबात न चालणाऱ्यांना.

गुडघे दुखतात म्हणून चालायचेच नाही, हाही तसाच समज. झिजेमुळे होणाऱ्या गुडघेदुखीत बेताचे, नियमित चालणे सहसा उपयोगीच पडते, कारण सांध्याभोवतीचे स्नायू त्याने बळकट राहतात. गुडघ्याला खरा त्रास उतारावर होतो, आणि तो इथे फारसा नाही. सुरुवात वीस मिनिटांनी करावी आणि परतीचे अंतर आधीच हिशेबात धरावे. हृदयविकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला हवाच.

याउलट, सपाट काठ म्हणजे कुठेही पाय टाकावा, असे समजणारेही कमी नाहीत. कृष्णाकाठच्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात. तिथली वांगी ज्या कसदार मातीमुळे नावाजली, तीच माती चालणाऱ्याला फसवते. पूर ओसरल्यावर मळीचा वरचा थर उन्हाने वाळून भेगाळतो आणि खाली ओला गाळ तसाच राहतो. वरून घट्ट दिसणाऱ्या त्या पापुद्र्यावर भार पडला की पाय पोटरीपर्यंत आत जातो आणि चप्पल आतच राहते. नदीच्या वळणावर बाहेरच्या अंगाचा काठ पाण्याने खालून पोखरलेला असतो. वर गवत हिरवेगार, खाली आधार नाही. अशा कडेवर उभे राहून फोटो काढणे धोक्याचे आहे. मळलेली पायवाट कडेपासून आत वळली असेल, तर त्यामागे गावकऱ्यांचा अनुभव आहे आणि तीच धरावी.

काठ सरकारचा, तेव्हा कुठूनही जाता येते, हेही खरे नाही. पुष्कळ ठिकाणी ऊस आणि सोयाबीनची खासगी शेते थेट काठाला भिडलेली असतात. जायचे ते पाणंदीने, गावरस्त्याने किंवा शेतकऱ्याला विचारून. ऊसतोडीच्या हंगामात या अरुंद रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची वर्दळ असते. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोके पायी चालणाऱ्याला लागू शकतात. रस्त्याच्या उजव्या अंगाने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे.

घाट बांधलेला आहे म्हणजे तो सर्वांना सोपा, ही समजूत तर फारच रुजलेली आहे. घाट म्हणजे मुळात पायऱ्या. चाकाच्या खुर्चीला त्या अडवतात, काठी टेकत चालणाऱ्याला दमवतात आणि पाण्यालगतच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असते. वाईचा गणपती घाट पाहिला की हे बांधकाम पाण्याचा किती विचार करून झाले आहे ते कळते. रास्ते घराण्याने १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि देऊळ वाचावे, ही त्यामागची योजना. ज्यांनी देवळाला पाण्याची अशी तजवीज केली, त्यांनी उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी कठडा मात्र केला नाही. म्हणून गुडघ्यांचा किंवा तोल जाण्याचा त्रास असणाऱ्यांनी घाटाच्या माथ्यावरूनच फिरावे. कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात, तो प्रीतिसंगमही वरूनच जास्त चांगला दिसतो.

सर्वांत घातक गैरसमज पाण्याबद्दलचा आहे : पाऊस नाही, आभाळ मोकळे आहे, तेव्हा नदी वाढणार नाही. कृष्णेवर वाईच्या वरच्या अंगाला धोम, वेण्णेवर कण्हेर आणि कोयनेवर १०५ टीएमसी साठ्याचे कोयना धरण आहे. खालच्या गावी ऊन पडलेले असताना पाणलोटात धो धो पाऊस चालू असू शकतो. धरणाचे दरवाजे उचलले, की ते पाणी काही तासांनी खाली पोहोचते. बातमीत येणारा ‘क्युसेक’ म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ २ लाख ८३ हजार लिटर पाणी. धरणाचा भोंगा जवळच्या गावांना ऐकू जातो, तीस-चाळीस किलोमीटर खाली चालणाऱ्याला नाही. पावसाळ्यात घराबाहेर पडण्यापूर्वी विसर्गाची बातमी पाहणे हवामानाच्या अंदाजाइतकेच गरजेचे आहे.

सांगलीत पाण्याची पातळी आयर्विन पुलाशी मोजली जाते. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पण काठाने चालणाऱ्याला त्रास इशारा पातळीच्या कितीतरी आधी सुरू होतो, कारण घाटाच्या खालच्या पायऱ्या आणि सखल वाटा त्यापूर्वीच बुडतात. उन्हाळ्यातही पूर्ण निर्धास्त राहता येत नाही. शेतीसाठी आणि पिण्यासाठी नदीत पाणी सोडले, की कोरडे पडलेले पात्र बघता बघता वाहू लागते. पात्रातल्या खडकांवर जेवणाचे डबे उघडून बसलेल्यांची अशा वेळी धांदल उडते. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात काटक्या-पाचोळा येऊ लागणे, किंवा मघाशी कोरडा असलेला दगड भिजलेला दिसणे, यांपैकी काहीही जाणवले तर सामान गोळा करत न बसता उंचावर जावे.

याला जोडूनच दुसरे ठरलेले वाक्य असते : पाणी गुडघ्याएवढेच आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसालाही पाडते आणि पडल्यावर उठू देत नाही. सगळ्यांत जास्त फसवतो तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यात त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतात, पाणी माथ्यावरून वाहू लागते आणि रोजची वाट म्हणून लोक त्यातूनच चालत जातात. बाहेरून आलेल्याने तर पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यावर पाऊलही ठेवू नये. खालच्या बाजूचा भोवरा पोहता येणाऱ्यालाही सोडत नाही.

वाहते पाणी शुद्ध असते, म्हणून ओंजळीने प्यावे, हेही सोडून द्यायला हवे. वरच्या गावांचे सांडपाणी आणि शेतातली खते त्याच प्रवाहात मिसळलेली असतात, आणि पाणी नितळ दिसले म्हणून जंतू गेलेले नसतात. पिण्याचे पाणी घरून न्यावे. वेळ आलीच, तर खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळलेले पाणीच प्यावे. पायाला जखम असेल, तर चिखलपाण्यात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच वाटेने शरीरात शिरतात. मधुमेहींनी अनवाणी चालण्याचा मोह टाळावा. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर काटा रुतलेलाही कळत नाही.

मगरी फक्त कोकणच्या खाड्यांत असतात, असे घाटावरच्या अनेकांना वाटते. कोकणात वाशिष्ठी आणि सावित्रीत त्या आहेतच, पण सांगली जिल्ह्यात औदुंबर, भिलवडीच्या पट्ट्यात कृष्णेतही मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. हिवाळ्यात सकाळी त्या ऊन खायला काठावर येतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठाच्या मातीत अंडी घालते आणि त्या जागेची राखण करते. मात्र मगर उंच काठावरच्या वाटेने चाललेल्या माणसाच्या मागे धावत येत नाही. धोका असतो तो पाण्याच्या अगदी कडेला वाकून हात-पाय धुणाऱ्याला. त्या पट्ट्यात पाण्यापासून बरेच अंतर ठेवले, मुलांना आणि कुत्र्याला कडेला सोडले नाही, की निर्धास्त चालता येते.

उरतो तो सावलीचा प्रश्न. नदीकाठी गारवा असणारच, असे धरून एप्रिल-मेमध्ये दुपारी निघणाऱ्यांना ऊन बाधते. करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज ही काठाची झाडे अनेक ठिकाणी शेतासाठी तोडली गेली आहेत आणि उघड्या मळीवर डोक्यावर काहीच नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. मार्चपासून सकाळी नऊच्या आत परतावे. जून ते सप्टेंबरमध्ये नदी काठावरून नव्हे, तर गावातल्या उंच रस्त्यावरून पाहावी.