परदेशातील नोकरीचा व्हिसा : आधी नियोक्ता, मग अर्ज

औंढा नागनाथ म्हटले की ज्योतिर्लिंगाचे कोरीव दगडी मंदिर डोळ्यांसमोर येते. भोवतालचा परिसर मात्र हळद आणि सोयाबीनवर जगणारा आहे. परिचर्या, वीजकाम वा वाहनचालनाचे शिक्षण घेतलेल्या येथील तरुणांना परदेशाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून ही ओढ अधिकच वाढली. म्हणूनच अशा व्हिसाची रीत नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या व्हिसाचा पाया म्हणजे परदेशातील नियोक्ता, अर्थात नोकरी देणारी संस्था. प्रथम मुलाखत, मग लेखी करार आणि त्यानंतर व्हिसाचा अर्ज, असा हा क्रम आहे. शासनाशासनांत करार झाला, तरी प्रत्येक उमेदवाराची पात्रता स्वतंत्रपणे तपासली जाते. जर्मनीत परिचारिकेची पदवी तेथील यंत्रणेने मान्य करावी लागते आणि त्यासाठी जर्मन भाषेची सामान्यतः बी-2 पातळी अपेक्षित असते.

ब्रिटनमध्ये नियोक्त्याजवळ प्रायोजकत्वाचा परवाना असावा लागतो. अशा परवानाधारकांची यादी तेथील शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नियोक्ता देतो ते प्रायोजकत्व प्रमाणपत्र म्हणजे संगणकीय नोंद असून तिला स्वतंत्र क्रमांक असतो. ही नोंद झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. वृद्ध व रुग्णांच्या सेवेसाठी परदेशातून नवे काळजीवाहक घेण्याचा मार्ग ब्रिटनने 22 जुलै 2025 पासून बंद केला आहे. तरीही त्या कामाचे आमिष कोणी दाखवीत असेल, तर सावध व्हावे.

फसवणुकीत हा क्रम उलटा होतो. आधी पैसे मागितले जातात, नियोक्त्याचे नाव गुलदस्त्यात राहते आणि "पर्यटक व्हिसावर चला, तेथे बदलून घेऊ" असे सांगितले जाते. अशा शब्दावर शेत गहाण टाकू नये. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार भरती करणाऱ्या दलालाने केंद्र शासनाकडे नोंदणी केलेली असावी लागते. त्याचे नाव 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पडताळता येते. या कायद्याखालील नियमांनी त्याचे सेवाशुल्क 30,000 रुपये व त्यावरील कर एवढे मर्यादित केले आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

कराराची प्रत, पारपत्राची छायाप्रत आणि नियोक्त्याचा पत्ता घरी ठेवावा. वेतन, कामाचे तास, निवास व परतीचा खर्च या चार बाबी करारात वाचल्याशिवाय स्वाक्षरी करू नये. मूळ पारपत्र कोणाच्याही ताब्यात राहू देऊ नये.

परदेशी जाणे गैर नाही. परंतु जाणाऱ्याच्या मागे घर कर्जात बुडू नये. आपल्या ओळखीतील एखादा तरुण दलालाकडे निघाला असेल, तर त्याला एवढेच विचारावे : "तुझ्या नियोक्त्याचे नाव काय?" उत्तर मिळाले नाही, तर त्याला तेथेच थांबवावे.