रिजवरची विरळणी
दिल्लीत झाडं तोडायचं नाव काढलं की वाद पेटतो, आणि अशा हवेच्या शहरात तो पेटायलाच हवा. तरीही अरवलीचं टोक असलेल्या रिजवर जंगल परत आणायचं, तर निवडून कुऱ्हाड चालवावीच लागेल. इंग्रजांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या उघड्या खडकावर अमेरिका खंडातली विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, लावली. तिचा पालापाचोळा इतर बियांना उगवू देत नाही, आणि शेंगा खाणारी गुरं तिचं बी दूरवर नेतात. धौ, हिवर, पळस मागे हटले. फरिदाबादजवळच्या मांगर बनीत मात्र गुदरिया दास बाबांवरच्या श्रद्धेपोटी गुज्जर गावांनी फांदीही तोडली नाही, म्हणून तिथे धौचं रान उभं आहे. धौ हा आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ, आणि काय चिवट! शेळ्या ओरबाडत राहिल्या तर तो खडकाला बिलगून आडवा पसरतो आणि चराई थांबली की शेंडा वर काढतो. दिल्लीच्या 1994च्या वृक्ष कायद्यात मीटरभर उंची नसलेलं झुडूप वृक्षच ठरत नाही. म्हणजे वाढलेली कीकर मोजली जाते, तिच्याखाली वाट पाहणारा धौ मोजला जात नाही.

मग कीकर सरसकट का तोडू नये? कारण बुंध्यातून तिला जोमाने फुटवे येतात आणि उघडी पडलेली माती तापते, वाहून जाते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी जैवविविधता उद्यानांच्या कामात सबुरीची वाट धरली: आधी कीकरच्या खालच्या फांद्या छाटून ऊन आत घ्यायचं, खाली देशी रोपं वाढवायची. त्यांची सावली दाटली की उन्हाशिवाय न जगणारी कीकर आपोआप खंगते. वृक्षारोपणाच्या आकड्यांना बातम्यांत जागा मिळते, या संथ कामाला फारशी मिळत नाही. कीकर काढली तर शहर तापेल, हा आक्षेप साफ तोडीला लागू आहे. इथे खालचं छत्र तयार होईपर्यंत वरचं राहतंच. ‘निवडक’ म्हणून परवाना घ्यायचा आणि ठेकेदाराने जाडजूड खोडं उचलायची, ही भीती जास्त खरी आहे. म्हणून मजुरी लाकडाच्या वजनावर नको, प्रत्येक खोडावर आधी खूण हवी, आणि पुढच्या तोडीची परवानगी खालच्या देशी रोपांची उंची मोजूनच मिळायला हवी.