घोणसदंशानंतर मूत्रपिंडांची काळजी

भातकापणी सुरू झाली की शेतात माणसांची वर्दळ वाढते. त्याच वेळी उंदरांच्या मागावर आलेली घोणस भाताच्या पेंढ्यांखाली व बांधावरील गवतात दडून असते. जाड अंग, त्रिकोणी डोके व पाठीवर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी ही तिची खूण होय. अजगराचे पिल्लू समजून तिला हाताळणे जिवावर बेतते.

या सापाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्याच विषामुळे मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात, रक्तदाब उतरतो व एक-दोन दिवसांत मूत्रपिंडांचे कार्य बंद पडू शकते, ही गोष्ट दुर्लक्षित राहते. म्हणून पायाची सूज ओसरली की रोगी बरा झाला, असे मानू नये.

दंश झाल्यास रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठी, जोडवी, पैंजण काढावे. मोडलेल्या हाडास बांधतात तशी कामटी बांधून तो अवयव स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, चोखणे व मांत्रिकाकडे नेणे हे सर्व वर्ज्य समजावे. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे. तेथे काचेच्या कोरड्या नळीत रक्त २० मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे पाहतात. प्रतिविष रक्तातील विष निष्प्रभ करते. मूत्रपिंडांस झालेली इजा मात्र त्याने भरून निघत नाही. विलंब घातक ठरतो तो यामुळेच.

पुढील काही दिवस रोग्याची लघवी भांड्यात मोजावी. प्रौढ माणसास २४ तासांत ४०० मिलिलिटरहून कमी लघवी झाली, ती लाल वा चहासारखी दिसली, तोंडावर सूज आली, मळमळ वा धाप सुरू झाली, तर डॉक्टरांस त्वरित कळवावे. दुखणे थांबविण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडांवर अधिक ताण पडतो. डायालिसिसची, म्हणजे यंत्राद्वारे रक्तशुद्धीची, वेळ आली तरी घाबरू नये. वेळीच उपचार मिळाल्यास पुष्कळांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत पूर्ववत् काम करू लागतात. मात्र घरी परतल्यावरही तपासणी चुकवू नये.

कापणीच्या वेळी गमबूट वापरावेत, पेंढी उचलण्यापूर्वी काठीने हलवावी, रात्री विजेरी घेतल्यावाचून बांधावर जाऊ नये आणि खळ्याभोवती उंदरांचा बंदोबस्त करावा. उपचार हे डॉक्टरांचे काम खरे. परंतु पहिला तास शेतकरी बंधूंच्याच हाती असतो.