पाण्याची अल्कता कशी मोजतात?

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी बाटलीत घेऊन "डॉक्टर, हे प्यायला चालेल का?" असे विचारणारे रुग्ण उन्हाळ्यात माझ्याकडे हमखास येतात. अलीकडे आणखी एक प्रश्न असतो : "विक्रेत्याने थेंब टाकून रंग बदलून दाखवला. अल्कलाईन पाण्याचे यंत्र घ्यावे का?" त्यासाठी प्रयोगशाळेतील एक साधी तपासणी समजून घेऊ.

पावसाचे पाणी मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते आणि आपल्या जिल्ह्यातला काळा पाषाण हळूहळू झिजवते. त्यातून पाण्यात बायकार्बोनेट उतरते. त्यामुळे पाण्याला आम्ल पचवण्याची जी ताकद येते, तिला अल्कता म्हणतात. प्रवरा-गोदावरी कालव्यांखालील क्षारपड जमिनींच्या भागात विहिरींच्या पाण्यात क्षार अधिक असू शकतात.

तपासणीसाठी १०० मिलीलिटर पाणी काचेच्या पात्रात घेतात. त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकतात. गुलाबी रंग आला तर तो जाईपर्यंत खुणा केलेल्या काचनळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब सोडतात. मग मिथिल ऑरेंज टाकतात. पाणी पिवळे होते. ते नारिंगी होताच आम्ल थांबवतात. एकूण जितके मिलीलिटर आम्ल लागले, त्याला १० ने गुणले की दर लिटरमागील मिलिग्रॅम अल्कता मिळते. ३२ मिलीलिटर लागले, तर अल्कता ३२०. यालाच टायट्रेशन म्हणतात.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ही अल्कता २०० पर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते.

आता विक्रेत्याचा थेंब. तो फक्त सामू दाखवतो, अल्कता नव्हे. सामू ८ असलेल्या दोन पाण्यांपैकी एकाला ८ मिलीलिटर आम्ल पुरेल, तर दुसऱ्याला ४५ लागेल. रंग मात्र दोन्हींचा सारखाच दिसेल. शिवाय आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान ठेवण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करतात; पाण्याने तो बदलत नाही. म्हणून निरोगी माणसाने अशा यंत्रावर हजारो रुपये घालवू नयेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे पाणी घेऊच नये.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अल्कतेचा आकडा चांगला आला, म्हणजे पाणी निर्धोक झाले असे नाही. कावीळ, हगवण, विषमज्वर यांचे जंतू या तपासणीत दिसत नाहीत. फ्लोराइड आणि नायट्रेटही दिसत नाहीत. त्यांच्या तपासण्या वेगळ्या असतात.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासता येते. नमुना घेण्यापूर्वी पंप काही मिनिटे चालू ठेवा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी पोहोचवा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या. ती विसळू नका. अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून, थंड करून, झाकून ठेवा. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड व नायट्रेट जात नाहीत. त्यामुळे अहवालात ते जास्त निघाले तर पिण्यासाठी दुसरे पाणी शोधावे लागेल, विशेषतः घरात तान्हे मूल असल्यास.