मनाच्या आजाराची औषधे आणि घरच्यांची जबाबदारी

स्मरणिकेत आरोग्यावर एखादा लेख असावा, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग यांवर आपण वाचत आलो आहोत. या वेळी आम्ही जो विषय घेतला आहे, तो आपल्या घरात दार लावून बोलला जातो. म्हणूनच तो येथे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या मावशीचा धाकटा मुलगा गेला. वय अवघे तेवीस. शिकलेला, कष्टाळू, पण स्पर्धा परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकला. जेवण तुटले, झोप उडाली, बोलणे बंद झाले. घरच्यांनी डॉक्टरांना दाखवले, हे योग्यच केले. डॉक्टरांनी नैराश्यावरील गोळ्या लिहून दिल्या व महिन्याने यायला सांगितले. आठ-दहा दिवसांनी तो रात्री अंगणात येरझाऱ्या घालू लागला. जेवता जेवता उठायचा. बसला तर पाय सारखे हलवायचा. "आतून कोणी तरी ढकलतंय," असे म्हणायचा. महिनाभर अंथरूण न सोडणारा मुलगा उठून फिरतो आहे, हे पाहून मावशी म्हणाली, "औषध लागू पडलं." आम्हीही तिला दुजोरा दिला. तिसऱ्या आठवड्यात त्याने आपले जीवन संपवले. पुण्यानुमोदनाला आलेल्यांना आम्ही सांगितले, छातीत दुखले.

तो औषधामुळे गेला की आजारामुळे, हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. नैराश्य हा आजार स्वतःच जीवघेणा आहे. परंतु त्या येरझाऱ्यांची खबर त्याच दिवशी डॉक्टरांना द्यायला हवी होती, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मावशीच्या संमतीने हे लिहीत आहोत.

औषधे काय करतात?

१९५० नंतरच्या दशकात क्षयरोगावरील एका औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारते, असे अमेरिकेत आढळले. १९५७ साली स्वित्झर्लंडचे डॉ. रोलँड कुन यांनी इमिप्रामीन या औषधाचा नैराश्यावरील गुण जगापुढे मांडला. १९८७ साली अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला मान्यता मिळाली. त्या जातीची औषधे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. आज आपल्याकडेही तीच सर्रास लिहून दिली जातात. असंख्य माणसे या औषधांनी सावरली, कामावर परतली, हे प्रथमच नमूद करतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मन हलके व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. दुष्परिणाम मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू होऊ शकतात. मळमळ, डोकेदुखी, घाम, झोपेत बिघाड हे बहुतेकांना होणारे त्रास हळूहळू ओसरतात. क्वचित एखाद्याला तीव्र अस्वस्थता जडते. एका जागी बसवत नाही, उभे राहवत नाही, आतून सतत तगमग होते. वैद्यकशास्त्रात तिला अकॅथिजिया म्हणतात. न बसवणे, असाच त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. मन अजून अंधारात आणि शरीरात मात्र ही तगमग, असे काही दिवस धोक्याचे असतात. मात्रा वाढवली किंवा कमी केली, तेव्हाही असेच लक्ष ठेवावे लागते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांवरील २४ चाचण्या तपासल्या. त्यांत ४,४०० हून अधिक मुले होती. आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन खऱ्या औषधाच्या गटात सुमारे ४ टक्के, तर खोट्या गोळीच्या गटात २ टक्के आढळले. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. तरीही २००४ साली या औषधांवर काळ्या चौकटीत इशारा छापण्याचा आदेश निघाला. २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला गेला. त्याहून मोठ्या वयात धोका वाढल्याचे चाचण्यांत दिसले नाही.

एका पत्नीचे कार्य

शिकागो येथील वकील स्ट्युअर्ट डोलिन यांचा वयाच्या ५७ व्या वर्षी, जुलै २०१० मध्ये, असाच अंत झाला. कामाच्या चिंतेसाठी त्यांना पॅरोक्सेटीन हे औषध नुकतेच सुरू झाले होते. त्यांच्या पत्नी वेंडी न्यायालयात गेल्या. कंपनीने आरोप नाकारला. २०१७ साली ज्युरीने ३० लाख डॉलर भरपाई मंजूर केली, पण २०१८ साली अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दावा हातचा गेला, तरी वेंडीबाईंनी पतीच्या स्मरणार्थ काढलेली संस्था चालूच ठेवली. अकॅथिजिया म्हणजे काय, हे घराघरांत पोहोचवणे, एवढेच तिचे काम. आमच्या घरात तो एक शब्द कोणी सांगितला असता तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

गोळ्या एकदम बंद करू नका

हा लेख वाचून कोणी आपल्या गोळ्या बंद केल्या, तर आमचा हेतू फसला असे होईल. बरे वाटले म्हणून किंवा भीतीने औषध अचानक सोडले, तर चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते, चिडचिड वाढते, मूळ आजारही उलटतो. गोळी बदलणे किंवा हळूहळू कमी करणे, हे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच व्हावे.

घरच्यांनी काय करावे?

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. वाचल्याशिवाय सही करू नका, असे खातेदारांना दिवसभर सांगतो. पण दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या दहा गोळ्या आणताना खोक्यातील माहितीपत्रक आम्ही मागितले नाही. आता अनुभवाने सांगतो:

१) डॉक्टरांकडे रुग्णाबरोबर घरातील एकाने जावे. कोणता त्रास होऊ शकतो व कोणत्या लक्षणाला लगेच कळवायचे, हे विचारून लिहून घ्यावे.

२) इतर सर्व औषधे सांगावीत. अंगदुखीच्या साध्या गोळ्यांबरोबरही रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. दारू टाळावी.

३) पहिला महिना वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात: झोप, जेवण, बोलणे, चालणे.

४) तगमग, येरझाऱ्या, एकाएकी आलेला राग किंवा अतिउत्साह, मरणाच्या गोष्टी यांपैकी काही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, रुग्णाला एकटे सोडू नये, गोळ्या आपल्या ताब्यात ठेवाव्यात.

५) "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू आहे. तेथे मराठीतही बोलता येते. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सामान्य माणूसही करू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा क्रमांक आहे.

आपल्या रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. इतक्या जुन्या संस्थेच्या गावात राहूनही त्या फाटकातून आत जाताना ओळखीचा कोणी पाहील, या धास्तीने आपण मान खाली घालतो. त्याच धास्तीने आम्ही महिना पुरा होण्याआधी डॉक्टरांकडे परत गेलो नाही.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा पुन्हा देता येते. मन खचले तर उपचार घ्या, आणि गोळी चालू असल्याचे निदान एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच, की आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती, हे स्मरून आपल्या घरातील आजारी मनाजवळ बसा. विहारातील रविवारच्या बैठकीत हा विषय निघाला, तर आमची मावशी स्वतः बोलायला तयार आहे. या वेळी ती खरे कारण सांगणार आहे.