एवढासा शब्द, केवढा पसारा!

हिवरा आश्रमात कुठल्याही पोराला विचारा, ‘रन’ म्हणजे काय? हातात बॅट असलेला सांगेल, धाव. पोलीस भरतीसाठी भल्या पहाटे सडकेवर घाम गाळणारा सांगेल, धावणं. झाले दोन अर्थ. आता श्वास रोखा! ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने या इवल्याशा शब्दाचे, तेही फक्त क्रियापदाचे, अर्थ वेगळे केले आणि आकडा निघाला ६४५. सहाशे पंचेचाळीस!

इतके अर्थ आले कुठून? मराठीत माणूस धावतो, नाक वाहतं, यंत्र चालतं, धुताना कपड्याचा रंग सुटतो, उमेदवार निवडणूक लढवतो. प्रत्येक कामाला आपलं निराळं क्रियापद. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी एकटा ‘रन’ राबतो. म्हणून त्याचा हिशेब लावायला कोशकार पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. एका शब्दापायी नऊ महिने!

चला, हे ६४५ जरा मांडून बघू. भरतीच्या १६०० मीटर धावेवर ते सारख्या अंतराने ठेवले, तर दर अडीच मीटरला एक अर्थ पायाखाली येईल. रोज एक पाठ करायचा म्हटलं, तर पावणेदोन वर्षं जातील. शेगाव स्टेशनावरून त्यांना गाडीत बसवायचं ठरवलं, तर ७२ बर्थचे नऊ स्लीपर डबे लागतील आणि रिकामे राहतील फक्त तीन बर्थ.

हा झाला एक शब्द. आता त्याचा भाऊबंद घ्या, ‘सेट’. कपचा सेट, दाताचा सेट, मोबाइलमधली सेटिंग, सगळं आपल्या रोजच्या बोलण्यातलं. ऑक्सफर्डच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत याच शब्दाची नोंद सगळ्यांत लांब होती. क्रियापदाचेच सुमारे ४३० अर्थ, आणि ते समजावायला खर्ची पडलेले शब्द जवळजवळ ६०,०००! मिनिटाला २०० शब्द या वेगाने वाचायला बसा. पुण्याहून सुटलेली डेक्कन क्वीन १९२ किलोमीटर कापून मुंबईला पोचेल, प्रवासी घरी जाऊन चहा घेतील, आणि तुमचा ‘सेट’ अजून चालूच असेल. पाच तास! मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत मराठी शब्द साधारण ६०,०००. म्हणजे आपल्या त्या थोर कोशात जितके शब्द नोंदले गेले, तितके शब्द इंग्रजीने एकट्या ‘सेट’वर खर्च केले!

आता अख्ख्या कोशाकडे वळू. ऑक्सफर्डच्या पहिल्या आवृत्तीचा पहिला भाग आला १८८४ मध्ये, शेवटचा १९२८ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं! मूळ शब्द ४,१४,८२५. वापराचे दाखले अठरा लाखांवर. छापलेली अक्षरं आणि आकडे मिळून २२,७७,७९,५८९. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मोजत बसलात, तरी सात वर्षं पुरणार नाहीत. अक्षराला एक रुपया दिलात, तर पावणेतेवीस कोटी रुपये मोजावे लागतील. आणि २०११च्या जनगणनेतल्या महाराष्ट्रात ती वाटायला निघालात, तर सव्वाअकरा कोटींपैकी प्रत्येकाच्या, पाळण्यातल्या बाळाच्यासुद्धा, वाट्याला दोन-दोन अक्षरं येतील!

ही सगळी अक्षरं छापणारे खिळे सलग एका ओळीत लावले तर लांबी भरते १७८ मैल, म्हणजे सुमारे २८६ किलोमीटर. आपल्या लोणारच्या विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. या ओळीने त्याच्या काठाला प्रदक्षिणा घालायला घेतली, तर पन्नास फेरे होतील. पन्नास! १९८९ची आवृत्ती तर वीस खंडांची, वजन ६२.६ किलो. सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते, हा कोश तिच्याहूनही जड!

आणि अजून समानार्थी शब्द बाकीच आहेत. ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये एक काम हाती घेतलं: इंग्रजीतले सगळे अर्थ उचलायचे आणि सारख्या अर्थाचे शब्द एकेका गटात बसवायचे. तो समांतर कोश छापून आला २००९ मध्ये. पुन्हा चव्वेचाळीस वर्षं! गट भरले २,३६,००० आणि अर्थ किती? आठ लाख!

विवेकानंद जयंतीच्या उत्सवात हिवरा आश्रमाच्या शेतात लाखावर माणसं पंगतीला बसतात आणि ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढली जाते. एक लाखाची पंगत धरली, तरी या अर्थांना जेवू घालायला तशा आठ पंगती उठवाव्या लागतील. रेल्वेत बसवलं तर? चोवीस डब्यांची एक, अशा ४६३ गाड्या! दर पाच मिनिटांनी एक सोडली तरी शेवटची सुटेपर्यंत दीड दिवस उलटून जाईल. एक डबा २२ मीटरचा धरून त्या एकामागे एक उभ्या केल्या, तर मुंबई ते पुणे सगळा रूळ झाकला जाईल आणि दौंडच्या दिशेने आणखी पन्नास किलोमीटर डबेच डबे!

ही श्रीमंती आली कुठून? माणसांनी जुन्याच, छोट्या शब्दांना पिढ्यान्‌पिढ्या कामाला जुंपलं म्हणून. जो शब्द जास्त वापरला जातो, त्याला जास्त अर्थ फुटतात. मग आपली मराठी का मागे राहील? एक ‘पळणं’ घ्या. धावणं, दौडणं, धूम ठोकणं, पोबारा करणं, सूंबाल्या करणं, काढता पाय घेणं, आणि आपल्या वऱ्हाडीत ‘पयत सुटनं’! एक ‘लागणं’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नजर लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, वेड लागतं, आंबा गोड लागतो, एसटी फलाटाला लागते आणि घाटात तीच एसटी एखाद्याला लागते! दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड उभे केले, आणि तेव्हापासून कितीतरी नवे अर्थ आपल्या बोलण्यात रुजले आहेत. हिवरा आश्रमाच्या शाळेतल्या पोरांनो, मेहकरच्या बाजारातल्या मायबहिणींनो, वही घ्या, पेन घ्या, आणि आपल्या एका ‘लागण्या’चे अर्थ मोजायला लागा!