‘बसावयास बाक’ आणि इंग्रजीचा ‘ऑन’

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघालें कीं सुमारें ५० किलोमीटरवर रांजणगांव लागतें. अष्टविनायकांपैकीं महागणपति तेथें आहे, आणि अलीकडच्या काळांत गांवाजवळ औद्योगिक वसाहतहि वसली आहे. वैशाखांतल्या दुपारीं देवळापुढच्या दगडी फरशीवर अनवाणी पाऊल टेकलें तर मराठी माणूस सहज उद्गारेल, ‘फरशी इतकी तापली आहे कीं तिच्यावर चालवत नाहीं.’ हेंच वाक्य मराठी शाळेंतल्या मुलांस इंग्रजींत करावयास सांगितलें, तर दोन उत्तरें हमखास मिळतात. एक मुलगा म्हणतो, ‘द स्टोन इज टू हॉट टु वॉक.’ दुसरा अधिक सावध. तो म्हणतो, ‘द स्टोन इज टू हॉट टु वॉक ऑन इट.’ गुरुजी दोघांच्याहि वहींत तांबडी रेघ ओढतात आणि फळ्यावर लिहितात, ‘द स्टोन इज टू हॉट टु वॉक ऑन.’ पहिल्याला एक शब्द कमी पडला, दुसऱ्याला एक जास्त झाला. असें कां, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. ‘इंग्रजीची तशी पद्धतच आहे,’ एवढ्यावर विषय संपतो.

कारण इंग्रजींत शोधण्यापेक्षां मराठींत शोधलें तर लौकर सांपडतें. ‘वर’, ‘मध्यें’, ‘खालीं’, ‘बरोबर’ हे शब्द मराठींत नामाच्या मागून येतात आणि त्याला चिकटतात. चिकटण्यापूर्वीं नामास आपलें रूपहि पुष्कळदां बदलावें लागतें. बाक, पण बाकावर. झाड, पण झाडाखालीं. तो, पण त्याच्याबरोबर. ह्या बदललेल्या रूपास सामान्यरूप म्हणतात आणि मागून लागणाऱ्या शब्दास शब्दयोगी अव्यय. नांवाप्रमाणेंच त्याचा संसार दुसऱ्या शब्दाच्या योगानें चालतो. नाम उठून गेलें कीं त्याला टेकावयास जागा नाहीं. ‘तो वर बसला’ असें आपण म्हणतों खरें, पण तेथला ‘वर’ स्वतंत्र क्रियाविशेषण आहे; त्यानें माडी कळते, बाक कळत नाहीं.

म्हणून मराठीपुढें दोन वाटा राहतात. एक, पुरें वाक्य करून त्यांत सर्वनाम ठेवावयाचें आणि अव्यय त्याला जोडावयाचें: ‘इतकी तापली कीं तिच्यावर चालवत नाहीं.’ दुसरी, सर्वनाम आणि अव्यय दोन्ही गाळावयाचीं: ‘बसावयास बाक’, ‘राहण्याजोगें घर’, ‘लिहावयाची लेखणी’. बसावयाचें बाकावर, राहावयाचें घरांत, लिहावयाचें लेखणीनें. पण ‘वर’, ‘आंत’, ‘नें’ यांपैकीं एकाचाहि उच्चार करावा लागत नाहीं. ऐकणारा तें मनांतल्या मनांत भरून काढतो. ही मराठीची काटकसर आहे, दोष नव्हे. वहींत चुकलेला पहिला मुलगा ह्या काटकसरीच्या वाटेनें गेला आणि दुसरा पुऱ्या वाक्याच्या वाटेनें. दोघेहि आपल्या भाषेशीं प्रामाणिक राहिले. इंग्रजी मात्र तिसऱ्याच वाटेची आहे. ती नाम काढून घेते आणि अव्यय जागच्या जागीं ठेवते. ‘ऑन’ राहतो, ‘इट’ जातो.

हा एवढासा शब्द गळल्यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. पुष्कळदां खरोखरच कांहीं बिघडत नाहीं. ‘धिस हाउस इज कम्फर्टेबल टु लिव्ह’ असें कोणी म्हणालें तर ‘इन’ राहून गेला हें समजून घेतां येतें. पण कांहीं ठिकाणीं कर्ताच बदलतो. ‘ही इज टू अँग्री टु टॉक’ म्हणजे तो इतका रागावला आहे कीं स्वतः बोलत नाहीं. शेवटीं आणखी एक ‘टु’ ठेवला, ‘ही इज टू अँग्री टु टॉक टु’, कीं त्याच्याशीं बोलण्याची सोय नाहीं असा अर्थ होतो. तो स्वतः कदाचित् मोठमोठ्यानें बोलतहि असेल. कारखान्यांतल्या एखाद्या कामगाराविषयीं ‘नॉट फिट टु वर्क’ असें लिहिलें तर त्याची प्रकृति बरी नाहीं. ‘नॉट फिट टु वर्क विथ’ असें लिहिलें तर त्याच्या सोबत काम करणें इतरांस नकोसें आहे. पहिल्यास रजा मिळते, दुसऱ्यास बहुधा समज. अहवाल लिहिणाऱ्याच्या हातून ‘विथ’ सुटला काय किंवा उगीच पडला काय, भोगावें लागतें तें तिसऱ्यालाच.

क्रियाविशेषणांचीहि हीच गत आहे. ‘ही लिव्हज टू फार अवे टु कॉल’ म्हणजे तो इतका दूर राहतो कीं त्याला आपल्याकडे येतां येत नाहीं. ‘टु कॉल ऑन’ म्हटलें कीं आपल्यालाच त्याच्याकडे जातां येत नाहीं. प्रवास कोणी करावयाचा हें एका ‘ऑन’वर ठरतें.

शब्द ठेवावा कीं नाहीं हें ओळखण्यास एक साधी कसोटी आहे. वाक्यांतलें पहिलें नाम उचलून क्रियापदाच्या मागें नेऊन पाहावें. ‘वॉक द स्टोन’ असें होत नाहीं, ‘वॉक ऑन द स्टोन’ असें होतें; तेव्हां ‘ऑन’ राहिला पाहिजे. ‘रीच द टेंपल’ असेंच होतें. म्हणून ‘द टेंपल इज ईझी टु रीच’ येथें पुढें कांहीं नको. पण ‘रीच’च्या जागीं ‘गेट’ घातला तर ‘गेट टु द टेंपल’ होतें, आणि वाक्य बनतें, ‘द टेंपल इज ईझी टु गेट टु.’ क्रियापदाच्या दोहों अंगांस ‘टु’ आलेला पाहून मुलें हटकून गोंधळतात आणि एक खोडून टाकतात. पहिला ‘टु’ क्रियापदाचा आहे, दुसरा देवळाचा. दोहोंची कामें निराळीं. ‘इनफ’चा नियमहि हाच: ‘स्ट्राँग इनफ टु सिट ऑन.’ तेथें फक्त ‘इनफ’ विशेषणाच्या मागें येतो, ‘टू’ विशेषणाच्या पुढें.

वाक्याच्या शेवटीं असें अव्यय ठेवूं नये, ही समजूत जुनी आहे. कवि ड्रायडन यानें १६७२ सालीं बेन जॉन्सनच्या लेखनांतलीं अशीं वाक्यें दोषार्ह ठरविलीं, आणि लॅटिनच्या वजनामुळें तें मत पुढें शाळांत रुजलें. फौलर यानें १९२६ सालच्या आपल्या कोशांत त्याची चांगलीच खबर घेतली. शिवाय आपल्या वाक्यास तो नियम लावतांच येत नाहीं. ‘अ चेअर ऑन विच टु सिट’ असें नामापुढें फिरवितां येतें. ‘टू हॉट’च्या पुढें ‘ऑन’ हलविण्यास जागाच नाहीं.

महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवितात. म्हणजे ही रचना ज्या वयांत कानावर पडूं लागते, त्या वयांत खुद्द इंग्रजी बोलणारीं मुलेंहि तींत चुकत असतात. अमेरिकेंतील कॅरोल चॉम्स्की यांनीं पांच ते दहा वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास १९६९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. त्यांत मुलांपुढें डोळ्यांस पट्टी बांधलेली बाहुली ठेवून विचारीत, ‘धिस डॉल, ईझी टु सी कीं हार्ड टु सी?’ बाहुली समोर स्वच्छ दिसत होती. तरीहि लहान मुलांपैकीं कित्येकांनीं ‘हार्ड टु सी’ असें उत्तर दिलें. कारण पट्टीमुळें बाहुलीलाच कांहीं दिसत नव्हतें, आणि पाहणारी तीच, असा त्यांचा समज. मग तिला ‘ईझी टु सी’ करावयास सांगितल्यावर त्यांनीं पुढें होऊन बाहुलीच्या डोळ्यांवरची पट्टी काढली.